गुणपत्रिकेत दुखापतीला रकाना द्या

प्रति,
मा. आयुक्त, उल्हासनगर महानगरपालिका
मा. मुख्याधिकारी, अंबरनाथ नगर परिषद व कुळगाव-बदलापूर नगर परिषद
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, ठाणे
कबड्डीच्या जिल्हा व राज्य संघटनांचे पदाधिकारी
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील सर्व स्पर्धा संयोजक मंडळे

विषय : कोरोनाच्या खंडानंतर हौशी कबड्डीतील दुखापती, कार्डे व दंड यांबाबत मागणीपत्र

उल्हासनगर कॅम्प नं. ३
कबड्डी दिन, १५ जुलै २०२५

महोदय,

मे २०२२. रात्रीचा सव्वा वाजला होता. आमच्यातला एक चढाईपटू त्या रात्रीचा तिसरा सामना खेळत होता. दिवसा तो दुचाकीवरून घरोघरी पार्सले पोचवायचा. मार्च २०२० नंतर मॅटवर उतरून त्याला तीनच आठवडे झाले होते. निदान रेषा ओलांडून तो परत वळला, तोच डाव्या कोपऱ्याने घोटा धरला, मध्यरक्षक वरून आदळला आणि गुडघ्यातून वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज आला. दोरीपलीकडे पहिल्या रांगेत बसलेल्यांनीही तो ऐकला.

त्या सामन्याची गुणपत्रिका आम्ही नंतर मुद्दाम पाहिली. पकडीचा एक गुण प्रतिस्पर्ध्यांच्या नावावर, खाली बदली खेळाडूचा क्रमांक. बस्स. त्याच सामन्यात पंचांशी हुज्जत घातल्याबद्दल दुसऱ्या एकाला पिवळे कार्ड मिळाले होते. ते मात्र मिनिटासकट टिपलेले. म्हणजे जो दोन मिनिटे बाहेर बसला त्याचा कागद आहे, जो अकरा महिने बाहेर बसला त्याचा नाही.

हे मागणीपत्र त्या न लिहिलेल्या ओळीबद्दल आहे.

आम्ही कॅम्प नंबर तीन आणि आसपासच्या मंडळांतले खेळाडू, प्रशिक्षक आणि काही जुने पंच. आमच्यात बॅरकीतली सिंधी पोरे आहेत, म्हारळ-वरपकडची आगरी पोरे आहेत, अंबरनाथहून शटल पकडून सरावाला येणारे आहेत आणि शेवटच्या गाडीने बदलापूरला घरी जाणारे. मागण्या कमी आहेत, कारणे जास्त. कारण नुसत्या मागण्या दिल्या की त्यांवर ‘नोंद घेतली’ असा शेरा पडतो आणि फाईल कपाटात जाते, हे आम्ही वयाने शिकलो आहोत.

आधी त्या दोन वर्षांत काय घडले ते. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. जूनपासून ‘मिशन बिगीन अगेन’ सुरू झाले, पण राज्यातल्या व्यायामशाळा उघडायला २५ ऑक्टोबरचा दसरा उजाडला. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा सगळे बंद. शाळा ऑक्टोबर २०२१ मध्ये भरल्या, जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने परत कुलूप लावले. सगळे निर्बंध उठले ते २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याच्या तोंडावर. त्यातही अंगाला अंग लागणारे खेळ सर्वांत मागच्या रांगेत. ते एका अर्थी रास्तही होते. आमच्या खेळात चढाईपटू दम घुमवत सात जणांच्या तोंडाजवळ जातो. त्याचे तोंड दाबून दम कोंडणे नियमाने फाऊल आहे, आणि त्या दिवसांत तोंड बांधून फिरणे हा सरकारी नियम होता! ‘कबड्डी कबड्डी’ आणि मास्क एका नाकावर कसे बसवायचे हे कोणालाच सुचले नाही.

वरळीच्या ज्या एनएससीआय डोममध्ये २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डीची पहिली चढाई झाली, तिथे २०२० मध्ये कोविडच्या खाटा लागल्या होत्या. आम्हाला त्याचे दुःख नव्हते, तेव्हा खाटाच हव्या होत्या. पण खाटा निघाल्यावर मॅट पुन्हा अंथरली गेली, तेव्हा त्या मॅटवर उतरणारी शरीरे तीच राहिली नव्हती. ही गोष्ट कोणी हिशेबात धरली नाही. आम्हीही धरली नाही.

शरीर कसे बदलते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ‘पोरे आळशी झाली’ हे उत्तर आम्ही फार ऐकले आहे. सराव सुटला की स्नायू उतरतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण स्नायू परतही लवकर येतो. महिनाभर दंड-बैठका मारल्या की पोरगा आरशात पूर्वीसारखा दिसू लागतो. स्नायूला हाडाशी बांधणारे दोर आणि सांध्यातले अस्थिबंध मात्र सावकाश तयार होतात. त्यांना महिने लागतात. म्हणजे ताकद आधी येते, ती पेलणारा दोर मागाहून. मधल्या काळात जो वेगाने वळतो, उडी मारून मागे सरकतो, चार जणांना ओढत मध्यरेषेकडे झेपावतो, त्याचा गुडघा उधारीवर चाललेला असतो. कबड्डीत याशिवाय दुसरे असते काय?

याचा दाखला महामारीच्या आधीचाच आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये २०११ साली मालक आणि खेळाडू यांच्या वादातून महिनोन्महिने टाळेबंदी झाली. तीही टाळेबंदीच, फक्त रोगाची नव्हे. ती उठल्यावर घाईघाईने सराव शिबिरे भरली आणि पहिल्या बारा दिवसांत दहा खेळाडूंच्या टाचेमागची शीर तुटली. त्यांच्याकडे डॉक्टर होते, मालिश करणारे होते, पैसा होता. एवढे असूनही. आमच्या पोराकडे वेदनाशामक स्प्रेची एक बाटली असते, ती संपूर्ण संघात फिरते, आणि तिसऱ्या सामन्यापर्यंत संपलेली असते.

दुसरे कारण वयाचे. मार्च २०२० मध्ये जो चौदा वर्षांचा होता, तो मैदाने उघडली तेव्हा सोळा ओलांडत होता. किशोर गटाची त्याची दोन्ही वर्षे गेली. किशोर गटात तेव्हा ५५ किलोची मर्यादा होती, म्हणजे आपल्याएवढ्या पोरांशी धरपकड करून पडायचे कसे, सोडायचे केव्हा, हे तिथे शिकता येते. ही पोरे ते शिकलीच नाहीत. उंची वाढली, मिसरूड फुटले, आणि मंडळाला सात पुरे होईनात म्हणून त्यांना थेट पुरुष गटात उभे केले. तिथे मर्यादा ८५ किलोची. त्यात या पोरांनी घरी बसून मोबाईलवर प्रो कबड्डीच्या जुन्या पकडी पाहिलेल्या. धडक कशी मारायची ते पाठ, धडक मारल्यावर स्वतःचे डोके कुठे ठेवायचे ते माहीत नाही. मे महिन्यातल्या त्या रात्री घोटा धरणारा डावा कोपरा अशाच वयाचा होता. त्याने नियमबाह्य काही केले नव्हते. आमचा खेळाडू खाली पडल्यावर सर्वांत आधी रडला तो तोच.

तिसरे कारण मॅटचे. आमची बहुतेक पोरे मातीवर अनवाणी सराव करतात आणि स्पर्धेला मॅटवर बूट घालून उतरतात. मातीत पाय घसरतो, त्यामुळे गुडघा वाचतो. मॅटवर बुटाची पकड बसते, पाय जागेवर राहतो आणि शरीर फिरते. दोन वर्षे गुंडाळून ठेवलेल्या मॅटचे तुकडे कडांना वळलेले, सांधे उघडे. त्या फटीत चवडा अडकतो. माती आणि मॅट यांच्यामधला हा फरक पूर्वी सराव भरून काढत असे. सराव गेला आणि फरक उघडा पडला.

आणि शेवटचे कारण आमचे स्वतःचे, सर्व मंडळांचे. निर्बंध उठल्यावर दोन वर्षांच्या अडलेल्या स्पर्धा आम्ही एका उन्हाळ्यात कोंबल्या. प्रत्येकाला चषक द्यायचा होता, प्रत्येकाला बॅनर लावायचा होता. दोन रात्रींत स्पर्धा उरकायची म्हणून एका संघाला एका रात्रीत तीन-तीन, कधी चार सामने. पुरुषांचा पूर्ण सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असतो. चार सामने म्हणजे किती, हा हिशेब तेव्हा कोणी मांडला नाही. आम्हीही त्यात होतो. हे लिहून देतो, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायची तसदी घ्यायला नको.

आता पहिली मागणी, आणि बाकी काही मान्य झाले नाही तरी ही व्हावी.

मागणी १. प्रत्येक अधिकृत वा मंडळस्तरीय स्पर्धेच्या गुणपत्रिकेत दुखापतीचा रकाना असावा. त्यात पाच गोष्टी पुरेत : खेळाडूचा क्रमांक, सामन्याचे मिनिट, शरीराचा भाग, दुखापत चढाईत झाली की पकडीत, आणि खेळाडू पुन्हा खेळला की नाही. गुणलेखकाला अर्धे मिनिट लागेल. पत्रिकेची एक प्रत जिल्हा पातळीवर जमा व्हावी. नाव नको, क्रमांक पुरे, म्हणजे कोणाची निवड अडणार नाही आणि कोणी लपवणार नाही.

महामारीनंतर दुखापती वाढल्या, हे आम्ही छातीठोकपणे सांगतो. पण तुम्ही ‘किती?’ विचारलेत की आम्ही गप्प. ही गप्प बसण्याची पाळी पुन्हा येऊ नये, एवढ्यासाठी हा रकाना.

तो लिहून काय होते, याचे उत्तर आमच्यापासून फार लांबच्या, बर्फावर खेळल्या जाणाऱ्या खेळात मिळते. आईस हॉकीत आडदांड टक्कर मारून प्रतिस्पर्ध्याला अडवणे हा खेळाचाच भाग. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना अशी टक्कर मारायला परवानगी होती, क्वेबेकमध्ये नव्हती. दोन्हीकडच्या मुलांच्या दुखापती एका हंगामात नीट टिपल्या गेल्या आणि २०१० मध्ये निष्कर्ष आला : टक्कर जिथे चालते तिथे दुखापतीचा धोका तिपटीहून अधिक. पुढच्याच वर्षी अमेरिकेने आणि २०१३ मध्ये कॅनडाने त्या वयोगटातली टक्कर बंद केली. तिकडच्या बापांनीही आरडाओरडा केला की पोरे मऊ होतील. पण समोर वही होती. वहीशी भांडता येत नाही.

योगायोग म्हणा, त्या खेळातली छोटी शिक्षाही आपल्या पिवळ्या कार्डाएवढीच, दोन मिनिटांची.

आता कार्डांकडे येतो. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. कार्डांचा मूळ हेतू खेळाडूचे शरीर वाचवणे आणि खेळाची शिस्त राखणे, दोन्ही आहे. आमच्या मैदानांवर मात्र ती शिस्तीसाठीच जास्त निघतात. पंचाशी वाद घातला की कार्ड, गळ्याला विळखा पडला की ‘ए, सांभाळून’. आमच्यातल्या जुन्या पंचांनीच हे कबूल केले आहे. त्यांचे म्हणणे असे : वाद घालणाऱ्याला कार्ड दिले तर प्रेक्षक हसतात, यजमान संघाच्या कोपऱ्याला धोकादायक पकडीबद्दल कार्ड दिले तर खुर्च्या उडतात.

प्रेक्षकांचा हा दाब खरा आहे, हे महामारीनेच जगाला दाखवून दिले. १६ मे २०२० रोजी जर्मनीत फुटबॉल सुरू झाला तो रिकाम्या स्टेडियममध्ये. मागोमाग युरोपातले इतर देश. गॅलरी रिकामी झाल्यावर पाहुण्या संघांना मिळणारी कार्डे कमी झाल्याचे अनेक अभ्यासांत आढळले. पंच तेच, नियम तेच, फक्त गोंगाट नव्हता. तिथला पंच पगारी, प्रेक्षकांपासून वीस पावले लांब, घरी जायला बंदोबस्त. आमचा पंच दोरीपासून हातभर अंतरावर, त्याचे मानधन यजमान मंडळाच्या खजिनदाराकडे, आणि रात्री दोन वाजता त्याला विठ्ठलवाडी स्टेशनपर्यंत एकट्याने चालत जायचे आहे. त्याच्याकडून किती धैर्याची अपेक्षा धरायची? दोन वर्षांनी प्रेक्षक परतले तेही उपाशी असल्यासारखे परतले. आणि पंच? दोन वर्षे शिट्टी तोंडाला लागली नव्हती. चढाईपटूचा दम सुटला की नाही, हात रेषेबाहेर टेकला की नाही, हे डोळ्याचे पाते लवेपर्यंत ठरवायचे असते. त्यालाही सराव लागतो. खेळाडूंच्या फिटनेसवर निदान चर्चा तरी झाली, पंचांच्या झाली नाही.

मागणी २. कार्ड दिल्यावर कारण लिहावे, निदान एका अक्षराने : ‘व’ म्हणजे वर्तन, ‘ध’ म्हणजे धोका. पायांची कात्री, गळ्याचा विळखा, तोंड दाबणे, चढाईपटू मध्यरेषेला पोचल्यावर वा शिट्टी वाजल्यावर मारलेली उडी, यांना तोंडी समज नको, थेट कार्ड. हंगाम सुरू होण्याआधी पंचांसाठी दोन दिवसांचा उजळणी वर्ग भरवावा. पंचांचे मानधन सामन्याआधी, जिल्हा पातळीवरून द्यावे. प्रेक्षकांची दोरी मैदानाच्या कडेपासून किमान तीन मीटर लांब असावी. ही शेवटची अट केवळ पंचांसाठी नाही. मैदानाबाहेर फेकला गेलेला खेळाडू प्लास्टिकच्या खुर्चीवर आदळतो, ते आम्ही पाहिले आहे.

‘व’ आणि ‘ध’ वेगळे टिपले, तर दुखापतीच्या रकान्याशी ते जोडता येतील. कुठल्या पकडीला कार्ड निघाले नाही आणि गुडघा मात्र गेला, हे एका नजरेत दिसेल. हे दिसल्यावर काही पंच अडचणीत येतील, काही प्रशिक्षकही. आमच्यातले दोघे-तिघे तर नक्की.

मागणी ३. एका खेळाडूला एका रात्रीत दोनपेक्षा जास्त पूर्ण सामने नकोत, आणि दोन सामन्यांत किमान दीड तास अंतर हवे. मध्यरात्रीनंतर नवा सामना सुरू करू नये. सतरा वर्षांखालील खेळाडूला पुरुष गटात उतरवायचे तर पालकाची आणि प्रशिक्षकाची सही हवी, आणि त्याला कोपऱ्यात उभे करू नये. शरीर तापवण्याचा वीस मिनिटांचा ठरलेला व्यायाम सामन्याआधी सक्तीचा करावा. फुटबॉलवाल्यांनी असा व्यायाम बनवला आहे आणि तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमी झाल्याचे अनेक अभ्यास सांगतात. आमच्याकडे सामन्याआधीची वीस मिनिटे पाहुण्यांच्या सत्कारात जातात. सत्कार मध्यंतरात घ्यावेत, म्हणजे निदान भाषण पाच मिनिटांत आटोपेल.

संयोजक मंडळे म्हणतील की यामुळे स्पर्धा चार रात्री चालेल आणि दिव्यांचा, मंडपाचा खर्च दुप्पट होईल. खरे आहे. मग संघ कमी घ्या. बत्तीसऐवजी सोळा संघ घेतले म्हणून कोणाचा बॅनर लहान होत नाही.

आता आजारपण आणि दंड. आमच्या भागातल्या स्पर्धांत संघ वेळेवर हजर झाला नाही तर प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल मिळते, प्रवेश शुल्क बुडते, आणि काही ठिकाणी पुढच्या वर्षी त्या मंडळाला बोलावतही नाहीत. नेहमीच्या दिवसांत हे ठीक. पण महामारीत, आणि नंतरही, याचा अर्थ झाला : ताप असला तरी या. आमची पोरे अंगात कणकण घेऊन खेळली आहेत. ती लपवली, कारण संघाचे नुकसान नको. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात हौशी आईस हॉकीचा एकच सामना झाला. बावीस खेळाडू होते, त्यांतल्या चौदा जणांना पुढच्या काही दिवसांत कोरोनाने गाठले, आणि तिथल्या एका कर्मचाऱ्यालाही. बंद हॉल, धापा टाकणारी माणसे, अंगाला अंग. सात खेळाडू उभे असलेल्या कोर्टाचे वर्णन याहून वेगळे नाही.

मोठ्यांच्या बाबतीत हे लगेच समजले. प्रो कबड्डीचा आठवा हंगाम डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ मध्ये बंगळूरच्या एकाच हॉटेलात, प्रेक्षकांविना झाला. जानेवारीत दोन संघांना बारा खेळाडू उभे करता येईनात, तेव्हा संयोजकांनी वेळापत्रकच बदलले. कोणावर दंड नाही, कोणाला पुढे चाल नाही. तीच सवलत कॅम्प तीनच्या मंडळाला का नसावी?

मागणी ४. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर आजारपणामुळे न आलेल्या संघाचे प्रवेश शुल्क परत करावे आणि पुढच्या वर्षीची बंदी नसावी. जबर तापातून उठलेल्या खेळाडूला किमान आठवडाभर सामना नको. छातीत दुखणे, धाप लागणे, ठोके चुकल्यासारखे वाटणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय मुळीच नको.

विम्याबद्दल आम्ही जरा जास्त बोलणार आहोत, क्षमा असावी.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे कोरोनानंतरच्या पहिल्या मोकळ्या गोपाळकाल्याच्या आदल्या दिवशी, राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. गोविंदाचा मृत्यू झाल्यास वारसांना दहा लाख, दोन्ही डोळे वा दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख, एक गमावल्यास पाच लाख, अशी मदत ठरली. २०२३ मध्ये पन्नास हजार गोविंदांचा विमा सरकारने उतरवला. माणशी हप्ता ७५ रुपये, एकूण साडेसदतीस लाख. २०२४ मध्ये ही संख्या पंच्याहत्तर हजारांवर गेली. चांगला निर्णय, उशिरा का होईना झाला.

आम्हाला गोविंदांचा हेवा वाटत नाही, कारण आमची निम्मी पोरे त्या दिवशी थरातच असतात. तोच खांदा, तोच गुडघा. काल्याच्या दिवशी त्यावर विम्याचे छत्र असते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कबड्डीच्या सरावाला तोच गुडघा बेवारस असतो. आम्हाला हे कळत नाही. कबड्डीला साहसी खेळाचा दर्जा नको, तिला खेळाचा आहेच. फक्त छत्र हवे.

मागणी ५. जिल्हा संघटनेकडे नोंदणी असलेल्या प्रत्येक खेळाडूचा आणि पंचाचा वर्षभराचा अपघात विमा उतरवावा. वर्षभराचा हप्ता सणापुरत्या ७५ रुपयांत बसणार नाही, याची जाणीव आहे. म्हणून तीन वाटे सुचवतो : एक महापालिका वा नगर परिषद, एक स्पर्धा संयोजक आणि एक खेळाडूचे मंडळ. विम्यात अवयव गमावण्यापुरतेच संरक्षण नको. कबड्डीत अवयव क्वचित जातो, अस्थिबंध जातो. त्याची शस्त्रक्रिया, तपासण्या आणि नंतरची फिजिओथेरपी यांचा खर्च त्यात असावा.

मागणी ६. मध्यवर्ती रुग्णालय आमच्याच कॅम्पात आहे. तिथे आठवड्यातून एक दुपार खेळाडूंच्या दुखापतींसाठी राखावी, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या खेळाडूंनाही ती खुली असावी. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२० मध्ये सर्वांसाठी खुली झाली. सांध्याच्या कोणत्या शस्त्रक्रिया त्यात बसतात, हे मराठीत आणि सिंधीत लिहिलेला फलक लावावा. अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाल्यावर खेळाडूने नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरू नये, असे जाणकार सांगतात. आमच्याकडे पोरगा चौथ्या महिन्यात गुडघ्याला पट्टा बांधून उभा राहतो आणि प्रशिक्षक त्याला ‘वाघ’ म्हणतात. हा शब्द आम्ही आमच्या मंडळांत बंद करतो आहोत.

मुलींबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. वळताना, थांबताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो, हे वैद्यकशास्त्र कधीपासून सांगते आहे. पण आमच्या मुलींच्या बाबतीत महामारीने केलेली मोठी दुखापत गुडघ्याची नव्हतीच. दोन वर्षे घरात राहिल्यावर त्यांतल्या अनेकींना पुन्हा बाहेर सोडलेच नाही. ‘आता पुरे झाला खेळ’ हे वाक्य घरोघरी सारखेच होते, मराठीत आणि सिंधीतही. ज्या आल्या, त्यांना सरावाला पुरेशा जोडीदारिणी नव्हत्या, म्हणून मुलांसोबत पकडीचा सराव झाला आणि खांदे निखळले.

मागणी ७. महापालिकेच्या आणि नगर परिषदांच्या प्रत्येक शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पाच ते सात मुलींसाठी राखीव ठेवावे. दिवे, कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृहासह. ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगरची पायाभरणी झाली तेव्हा लष्करी छावणीच्या बराकींभोवती मोकळी जागा होती, आज ती शोधावी लागते. शाळांची मैदाने मात्र अजून आहेत.

आमच्या बाजूने आम्ही काय करणार, तेही लिहितो, नाहीतर मागणीपत्र म्हणजे नुसती हात पसरलेली माणसे. दुखापतीच्या रकान्याची गुणपत्रिका आम्ही छापून घेतली आहे आणि येत्या हंगामात आमच्या सदस्य मंडळांच्या स्पर्धांत परवानगीची वाट न पाहता वापरणार आहोत. मंडळांनी स्वतःहून एका रात्रीत दोन सामन्यांची मर्यादा मान्य केली आहे. एका मंडळाने नकार दिला, त्यांच्याशी बोलणे चालू आहे. सरावाला बूट घालायची सवय लागावी म्हणून जुने बूट गोळा करून लहान पोरांना देतो आहोत.

मे २०२२ मधला तो खेळाडू आता गुणलेखक आहे. नव्या पत्रिकेचा रकाना त्यानेच आखला. शरीराच्या भागाखाली त्याने ‘गुडघा – डावा / उजवा’ असे वेगळे लिहायला लावले. कारण दीड वर्षांनी त्याचा दुसराही गेला, आणि तोही कुठे लिहिलेला नाही.

दोन महिन्यांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. पहिली मागणी बैठकीविनाही मान्य करता येण्याजोगी आहे. उरलेल्यांसाठी आम्ही कोणत्याही दिवशी येऊ, फक्त संध्याकाळी पाच ते सात सोडून.

आपले,
उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील हौशी कबड्डी मंडळांच्या संघटनेच्या वतीने
(सदस्य मंडळांच्या सह्या मागील पानावर)

सोबत : गुणपत्रिकेचा नवा नमुना, दोन प्रती